आकाशातली नदी आणि तिची दोन टोके

प्रश्न असा आहे: मृग नक्षत्राच्या पायाशी उगम पावून वळणे घेत दक्षिणेकडे जाणारी नदी, म्हणजे एरिडॅनस किंवा यमुना हा तारकासमूह, ताराचित्रांत ठळक दिसते, पण उघड्यावर येऊन वर पाहिले की तिथे काहीच हाती लागत नाही. ती खरोखर दिसते का? तिच्यात पाहण्याजोगे तारे कोणते? तिच्यामागची कथा काय? आणि तिच्या शेवटाला नकाशात कुठे ‘अकामार’ तर कुठे ‘आखेरनार’ असे का लिहिलेले असते?

नदी दिसते. मी ती अनेक वर्षे पाहत आलो आहे, इतरांना दाखवत आलो आहे, आणि हिवाळ्याच्या आकाशातला माझा सर्वांत आवडता भाग तोच आहे. पण ती सापडत नाही अशी तक्रार जवळजवळ प्रत्येक नवा निरीक्षक करतो. त्याचे कारण एकच: तो आकार शोधत असतो. मृगाची चौकट, वृश्चिकाची नांगी, सप्तर्षींचा पलंग हे एका नजरेत भरतात. नदी एका नजरेत मावतच नाही. ८८ तारकासमूहांत क्षेत्रफळाने तिचा क्रमांक सहावा, ११३८ चौरस अंश. उत्तर-दक्षिण पसारा तर सुमारे ५८ अंशांचा, म्हणजे आकाशाच्या विषुववृत्ताला टेकून निघालेली ही नदी दक्षिणेला खोलवर जाऊन थांबते. इतका लांब उतार दुसऱ्या कोणत्याही तारकासमूहाला नाही. नदी जशी उगमापासून काठाकाठाने चालत बघावी, तशीच हीसुद्धा बघायची. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर, घाई न करता.

वेळ निवडा डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंतची, रात्री आठ-नऊचा सुमार, चंद्र नसलेली रात्र. नदीतले बहुतेक तारे तिसऱ्या-चौथ्या प्रतीचे आहेत (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचा दर्जा; आकडा जितका मोठा तितका तारा मंद). शहराच्या उजेडात ते बुडून जातात, त्यामुळे अंधारी जागा हवीच. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटे द्या आणि तेवढ्या वेळात मोबाइल खिशातून काढू नका. हात लांब करून तीन बोटे जोडून धरली की साधारण पाच अंश मोजता येतात. हेच आपले माप.

सुरुवात राजन्य ताऱ्यापासून, म्हणजे मृगातल्या त्या निळसर-पांढऱ्या तेजस्वी राइजेलपासून. त्याच्या उत्तर-वायव्येला, दोन बोटांच्या अंतरावर, एकटा उभा असलेला पांढरा तारा म्हणजे कुर्सा. प्रत २.८, अंतर सुमारे ९० प्रकाशवर्षे. इथे नदीचा उगम. हे नाव अरबीतल्या ‘कुर्सी’वरून आले आहे. मृगाच्या जागी अरबांना जी मोठी आकृती दिसायची तिचे हे पाय ठेवायचे आसन. आपली ‘खुर्ची’ त्याच शब्दाची. नदीत अशी ओळखीची नावे पुढेही भेटतात, म्हणून मी ती मुद्दाम सांगत जाणार आहे. नाव कळले की तारा लक्षात राहतो.

कुर्सापासून पश्चिमेकडे सरकलात की म्यू आणि न्यू या ग्रीक अक्षरांच्या नावाचे दोन मंद तारे लागतात, मग प्रवाह किंचित खाली उतरतो आणि जवळजवळ असलेल्या दोन ताऱ्यांपाशी येतो. एक बाइद, दुसरा काइद. बाइद म्हणजे अंडी. बोलीतला ‘बैदा’ इथलाच. काइद म्हणजे फुटलेली टरफले. अरबांना या भागात नदीऐवजी शहामृग दिसत होते, त्यांची घरटी आणि अंडी दिसत होती. पश्चिमेला पुढे अझा नावाचा तारा आहे, तो त्याच शहामृगांचे घरटे.

आता जरा थांबा. काइदपाशी मी प्रत्येक वेळी थांबतो, कारण तो एक तारा नसून तीन ताऱ्यांचे कुटुंब आहे. खगोलशास्त्रात त्याला ४० एरिडॅनी म्हणतात, अंतर जेमतेम सव्वासोळा प्रकाशवर्षे. मुख्य तारा नारिंगी, सूर्यापेक्षा थोडा लहान आणि थंड. लहान दुर्बिणीतून पाहिले की त्याच्यापासून ८३ विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) साडेनवव्या प्रतीचा पांढरा ठिपका दिसतो. विल्यम हर्शेल यांनी तो १७८३ मध्ये नोंदवला होता. पण त्याचे महत्त्व कळायला १९१० उजाडावे लागले. हेन्री नॉरिस रसेल यांनी हार्वर्ड वेधशाळेचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्याकडे या मंद ताऱ्याचा वर्णपट कोणता अशी विचारणा केली. विल्यमिना फ्लेमिंग यांनी नोंदी पाहून उत्तर दिले: ए प्रकार. म्हणजे तारा तापलेला, पांढरा. मग तो एवढा मंद कसा? अंतर ठाऊक होते, त्यामुळे पळवाट नव्हती. मंद असण्याचे कारण एकच उरत होते, तारा अतिशय लहान आहे. श्वेत बटू या प्रकाराची ओळख अशी या नदीच्या काठी झाली. आज आपल्याला माहीत आहे की त्या ठिपक्यात सूर्याच्या निम्म्याहून जास्त वस्तुमान पृथ्वीच्या दीडपट व्यासापेक्षाही कमी जागेत कोंबलेले आहे.

व्याधाचा सोबतीही श्वेत बटू आहे, पण त्याला व्याधाच्या झगमगाटातून वेगळा काढताना अनुभवी माणसाचाही घाम निघतो. काइदचा सोबती कुणालाही दाखवता येतो. तीन-चार इंची दुर्बीण पुरते. मी लोकांना भिंगाशी उभे करतो, नारिंगी ताऱ्याच्या बाजूचा बारीक पांढरा ठिपका दिसला का विचारतो, आणि दिसला म्हणाले की मगच सांगतो, हा मेलेल्या सूर्याचा गाभा आहे, आपल्या सूर्याचेही शेवटी असेच होणार. त्यानंतर माणूस भिंगापासून लवकर हलत नाही. तिसरा तारा तांबडा बटू, अकराव्या प्रतीचा, श्वेत बटूच्या अगदी शेजारी. त्याला मोठी दुर्बीण आणि स्थिर हवा लागते.

काइदच्या खाली दक्षिण-नैर्ऋत्येला झौराक. हा लाल राक्षसी तारा, जवळजवळ तिसऱ्या प्रतीचा. नुसत्या डोळ्यांना त्याची तांबूस झाक जाणवते, द्विनेत्रीतून तर स्पष्ट दिसते. नावाचा अर्थ होडी. नदीत होडी हवीच, पण ही होडी ज्या वळणावर बांधली आहे तिथे नवखा माणूस हमखास वाट चुकतो. झौराकनंतर तारे खाली शोधू नका. प्रवाह पुन्हा थोडा वर चढतो आणि पश्चिमेकडे जातो: आधी राना, मग एप्सिलॉन, मग अझा. ही ओळ शेजारच्या तिमिंगल तारकासमूहाच्या छातीपर्यंत नेते.

या ओळीतला एप्सिलॉन दिसायला सामान्य आहे, प्रत ३.७. पण तो आपल्यापासून फक्त साडेदहा प्रकाशवर्षांवर आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांमध्ये मित्र (अल्फा सेंटॉरी) आणि व्याध यांच्यानंतर जवळचा तोच. सूर्यापेक्षा थोडा लहान, थंड, आणि वयाने अगदी कोवळा, एक अब्ज वर्षांहूनही कमी. त्याच्याभोवती धुळीची कडी आहेत, आणि २००० साली त्याच्याभोवती गुरूसारखा ग्रह असल्याचे जाहीर झाले. त्या दाव्यावर बरीच वर्षे वाद चालला. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ताऱ्याला ‘रान’ आणि ग्रहाला ‘एगिर’ ही नॉर्स सागरदेवतांची नावे दिली. मला या ताऱ्याविषयी सर्वांत जिव्हाळ्याची गोष्ट वाटते ती १९६० ची. फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथल्या २६ मीटरच्या रेडिओ दुर्बिणीने दोन ताऱ्यांकडे कान लावला: एक टाऊ सेटी, दुसरा हा. हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर कुणी काही बोलते आहे का, हे ऐकण्यासाठी. उत्तर आले नाही. तरी परक्या संस्कृतीचा रेडिओवरून पद्धतशीर शोध इथून सुरू झाला, आणि त्यासाठी निवडलेल्या पहिल्या दोन ताऱ्यांपैकी एक या नदीतला होता.

अझापासून नदी एकदम दक्षिणेला वळते आणि उलट, पूर्वेकडे जायला लागते. इथले तारे टाऊ या एकाच अक्षराने ओळखले जातात, टाऊ १ ते टाऊ ९. मग उपसायलॉन नावाचे चार. सगळे मंद, सगळे शशक तारकासमूहाच्या दिशेने रांगत जाणारे. खरे सांगायचे तर या टप्प्यात सांगण्यासारखे फार नाही. द्विनेत्री घ्या, एका ताऱ्याला दृष्टिक्षेत्राच्या कडेला आणा, पुढचा तारा दुसऱ्या कडेला येतो का पाहा, असे करत सरका. उपसायलॉनपाशी नदी तिसऱ्यांदा फिरते, पुन्हा पश्चिमेला आणि खाली, आणि अकामारपाशी येते.

अकामार म्हणजे थीटा. दुर्बिणीतून पाहिलात तर दोन पांढरे तारे, आठ विकला अंतरावर, एक थोडा तेजस्वी, एक थोडा मंद. अतिशय नेटका जोडतारा. आणि हाच नदीचा जुना शेवट आहे.

आता दोन टोकांचा प्रश्न. अरबीत आखिर-अन-नहर म्हणजे नदीचे शेवटचे टोक. आखिर म्हणजे आपले ‘अखेर’, नहर म्हणजे पाट, प्रवाह. ‘अकामार’ आणि ‘आखेरनार’ ही दोन्ही नावे याच एका शब्दाची दोन रूपे आहेत, युरोपात लिहून घेताना वेगवेगळी झालेली. मूळ मान अकामारचा. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने अलेक्झांड्रियात आपली ताऱ्यांची यादी केली तेव्हा नदी, त्याच्या भाषेत नुसतीच ‘पोटामोस’ म्हणजे नदी, इथेच संपत होती. आखेरनार त्याच्या यादीत नाही, कारण तो त्याला दिसूच शकत नव्हता.

का, ते आकड्यांत पाहू. अलेक्झांड्रियाचा अक्षांश सुमारे ३१ अंश उत्तर. तिथून ५९ अंश दक्षिण क्रांतीपर्यंतचेच तारे क्षितिजावर येतात (क्रांती म्हणजे आकाशाच्या विषुववृत्तापासूनचे अंशांतले अंतर). आखेरनार आज सव्वासत्तावन्न अंश दक्षिणेला आहे, म्हणजे तिथे तो आज कसाबसा क्षितिजाला घासून जातो. पण पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरी, आणि त्यामुळे ताऱ्यांच्या क्रांती बदलत राहतात. टॉलेमीच्या काळी आखेरनार सुमारे ६७ अंश दक्षिणेला होता. अलेक्झांड्रियाच्या क्षितिजाच्या आठ अंश खाली. त्याहून मागे, इसवी सनापूर्वी ३४०० च्या सुमारास, तो आकाशाच्या दक्षिण ध्रुवापासून आठ अंशांच्या आत होता. तेव्हापासून तो सावकाश वर येतो आहे, सध्या शंभर वर्षांत अर्धा अंश.

मग १५९५ ते १५९७ या काळात डच दर्यावर्दी पीटर कायसर आणि फ्रेडरिक द हाउटमन पूर्वेकडच्या बेटांच्या सफरीवर गेले आणि त्यांनी दक्षिणेकडचे तारे मोजून आणले. योहान बायर यांच्या १६०३ च्या तारानकाशात नदी खाली वाढवलेली दिसते, आणि शेवटाला तो तेजस्वी तारा, अल्फा हे अक्षर आणि ‘नदीचे टोक’ हे नाव घेऊन. जुन्या टोकाला मग त्याच नावाचे दुसरे रूप उरले. म्हणून मी म्हणतो, ही दोन नावे म्हणजे दोन क्षितिजे आहेत. अकामारपाशी भूमध्य सागराच्या काठावरून पाहणाऱ्याची नजर संपते, आखेरनारपाशी विषुववृत्त ओलांडून गेलेल्या खलाशाची.

एक कोडे मात्र आहे आणि ते जाणकारांना अजून छळते. टॉलेमीने आपल्या नदीच्या शेवटच्या ताऱ्याला पहिली प्रत दिली आहे. आजचा अकामार तिसऱ्या प्रतीच्या आसपास. काहींच्या मते तारा मंदावला, काहींच्या मते दक्षिणेकडून आलेल्या प्रवाशांनी सांगितलेल्या आखेरनारची चमक या ताऱ्याच्या खात्यावर जमा झाली. मला दुसरी बाजू पटते. अकामारसारखे तारे दोन हजार वर्षांत एवढे मंदावत नाहीत.

आखेरनार स्वतः पाहण्यासारखा आहे. प्रत ०.४६, साऱ्या आकाशातला नववा तेजस्वी तारा, अंतर सुमारे १४० प्रकाशवर्षे, रंग स्वच्छ निळा-पांढरा. तो इतक्या वेगाने स्वतःभोवती फिरतो की मधोमध फुगला आहे. २००३ मध्ये चिलीतल्या पारानालच्या दुर्बिणी एकत्र जोडून त्याचा आकार मोजला तेव्हा विषुववृत्ताचा व्यास ध्रुवांमधल्या व्यासाच्या दीडपट भरला. नंतरच्या मोजणीत हा आकडा कमी झाला, तरी एक तृतीयांशाहून जास्त फुगवटा आहेच. फिरण्यामुळे मधल्या भागातून वायू बाहेर फेकला जातो आणि ताऱ्याभोवती कधी कडे तयार होते, कधी विरून जाते.

तो दिसण्यासाठी आपला अक्षांश नव्वदमधून वजा करा, त्यातून ५७ वजा करा. उरलेला आकडा म्हणजे त्याची जास्तीत जास्त उंची. २० अंश उत्तर अक्षांशावर तो १३ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडा वर. ३३ अंशांच्या पलीकडे उत्तरेला तो उगवतच नाही. शोधायचा सोपा उपाय: जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रात्री आठला आग्नेयेला अगस्त्य नुकता वर आलेला असतो, नैर्ऋत्येला फोमलहॉट मावळतीला लागलेला असतो. दोघांच्या बरोबर मध्ये, दोघांपासून सारख्याच अंतरावर, आखेरनार. दक्षिण क्षितिज झाडांनी किंवा इमारतींनी अडलेले नको.

कथेकडे येऊ. ग्रीकांनी या नदीला एरिडॅनस म्हटले. हेसिओडच्या देवांच्या वंशावळीत एरिडॅनस हा ओशनस आणि टेथिस यांचा मुलगा आहे. पण आकाशातल्या नदीला जोडलेली गोष्ट आहे ती फेथॉनची. फेथॉन हा सूर्यदेव हेलिऑस आणि क्लायमिनी यांचा मुलगा. ‘तू सूर्याचा मुलगा कशावरून?’ असे सोबत्याने हिणवल्यावर तो बापाच्या महालात गेला. बापाने स्टिक्स नदीची शपथ घेतली, माग काय ते. पोराने एक दिवस सूर्याचा रथ मागितला. शपथ मोडता येईना. बापाने हात जोडून विनवले, पोरगे ऐकेना. घोड्यांना लगामावरचा हात परका वाटला आणि ते उधळले. रथ वर गेला तेव्हा पृथ्वी गारठली, खाली आला तेव्हा राने पेटली, नद्या आटल्या. शेवटी झ्यूसने वज्र फेकले. जळणारा फेथॉन तुटत्या ताऱ्यासारखा कोसळला आणि एरिडॅनसने त्याला पोटात घेतले. त्याच्या बहिणी काठावर इतक्या रडल्या की त्यांची पॉपलरची झाडे झाली आणि आसवांचा अंबर, म्हणजे तो पिवळा राळेचा खडा, झाला. त्याचा जिवलग सिक्नस पाण्यात त्याला शोधत राहिला आणि हंस झाला.

या गोष्टीतला अंबर मला फार मोलाचा वाटतो, कारण तो खरा आहे. बाल्टिक किनाऱ्यावरचा अंबर जुन्या व्यापारी वाटांनी खाली उतरून आजच्या इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात यायचा. एरिडॅनस म्हणजे पो ही ओळख त्यातूनच घट्ट झाली. हिरोडोटसने मात्र इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात स्पष्ट लिहिले आहे की, अंबर जिथून येतो म्हणतात ती उत्तर समुद्राला मिळणारी एरिडॅनस नदी आहे हे आपल्याला मान्य नाही, नावच ग्रीक वाटते, कुणा कवीने रचलेले. दुसऱ्या परंपरेने या ताऱ्यांना नाईल मानले. अथेन्सच्या केरामाइकोस भागातून वाहणाऱ्या छोट्याशा ओढ्याचेही नाव एरिडॅनस. एवढी मोठी कथा आणि एवढासा ओढा!

मराठीत या तारकासमूहाला यमुना म्हणतात, वैतरणी हे नावही चालते. आपल्या २७ नक्षत्रांत ही नदी नाही, ही नावे आधुनिक काळात ग्रीक नकाशांवरून बसवलेली आहेत. पण ती विचार न करता बसवलेली वाटत नाहीत. यमुना ही सूर्याची मुलगी आणि यमाची जुळी बहीण. ग्रीक कथेत सूर्याचा मुलगा या नदीत पडतो. वैतरणी यमाच्या दारची नदी, आणि यमाची दिशा दक्षिण. आकाशातली ही नदी उगमापासून टोकापर्यंत दक्षिणेलाच उतरत जाते. रात्री तिच्या काठाने जाताना हे मनात असले की वाट चुकत नाही.

छायाचित्रे काढणाऱ्यांसाठी थोडक्यात: राजन्याच्या पश्चिमेला आयसी २११८ हा परावर्तन तेजोमेघ, चेटकिणीच्या चेहऱ्यासारखा, राजन्याच्याच प्रकाशाने उजळलेला. लांब एक्स्पोजर लागते. झौराकच्या पूर्वेला एनजीसी १५३५ हा बिंबाभ्र, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेला वायूचा गोळा, सहा इंची दुर्बिणीत निळसर-हिरवट छोटी तबकडी. एनजीसी १३०० ही दांड्याची सर्पिल दीर्घिका फोटोंत जगप्रसिद्ध, पण डोळ्यांनी पाहायला मोठी दुर्बीण आणि फार काळे आकाश हवे. नव्या माणसाने तिच्यामागे लागू नये. त्याऐवजी ३२ एरिडॅनी हा जोडतारा पाहा, एक पिवळा, एक निळसर, सात विकलांवर.

पहिल्याच रात्री सगळी नदी पार करण्याचा हट्ट धरू नका. पहिल्या रात्री कुर्सा ते झौराक, काइदपाशी निवांत थांबून. दुसऱ्या रात्री अझापर्यंत, एप्सिलॉनपाशी तसेच थांबून. टाऊच्या ओळीसाठी तिसरी रात्र ठेवा, द्विनेत्री आणि छापील नकाशा घेऊन, आणि टॉर्चवर लाल कागद गुंडाळून. अकामार सापडला की तिथून खाली कप्पा, फाय, काय असे तीन तारे उरतात. त्यांना धरून उतरा. क्षितिजालगतच्या धुरकट पट्ट्यात एकटाच ठसठशीत तारा लुकलुकताना दिसेल, हवेच्या जाड थरामुळे कधी निळा, कधी पांढरा. तोच आखेरनार, आणि तिथे नदी संपते.